चौऱ्याहत्तर ट्रॅक आणि एक तंबोरा

ताई,
मी २५ वर्षांचा आहे. डोंबिवलीला वन-बीएचकेमध्ये आई, बाबा आणि आजीबरोबर राहतो. दिवसा ठाण्याला अकाउंट्सची नोकरी, रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून लॅपटॉपवर संगीत करत बसतो. आवडतं ते सायकेडेलिक, प्रयोगाकडे झुकणारं. लांबलचक, घुमणारं, उलटे आवाज असलेलं. साठच्या दशकातल्या रेकॉर्ड्स ऐकून हे वेड लागलं. घरात एक इलेक्ट्रिक गिटार आहे, काकांचा जुना कॅसेट डेक आहे आणि आजीचा मिरजेचा तंबोरा आहे. सोबत एक तुकडा पाठवतोय. त्यात ७४ ट्रॅक (एकावर एक चढवलेले वेगवेगळे आवाज) आहेत, शेवटी आजीच्या आवडत्या जुन्या नाट्यगीताच्या रेकॉर्डचा थोडा भाग लावलाय. तरी ऐकताना सगळं गढूळ वाटतं आणि कुठलाच तुकडा पुरा होत नाही. साठ हजार साठलेत, सिंथेसायझर घेऊन टाकू का? एक मित्र म्हणतो, 'काहीतरी घेतल्याशिवाय' असलं संगीत सुचतच नाही. आई म्हणते, 'मिक्सर चालू राहिलाय का बघ.' काय करू?
– 'गढूळ', डोंबिवली

प्रिय गढूळ,

तुकडा ऐकला. हेडफोनवर ऐकला आणि ओट्यावरच्या छोट्या स्पीकरवरही. आईचं मिक्सरबद्दलचं मत पहिल्या दीड मिनिटापुरतं मलाही पटलं, राग मानू नकोस. पण तीन मिनिटं दहा सेकंदांवर काहीतरी घडतं. बाकी सगळं एकदम थांबतं (बहुधा एखादा प्लगइन, म्हणजे आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर, अडखळला असावा, तू हे मुद्दाम केलंयस असं वाटत नाही) आणि वीसेक सेकंद नुसता तंबोरा आणि त्यावर उलटी वाजणारी गिटार उरते. तेवढ्यात मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तुला जे करायचंय ते त्या वीस सेकंदांत आलंय. उरलेले सत्तरेक ट्रॅक ते झाकायच्या कामाला लागलेत.

तुझ्याकडे आवाजांना तोटा नाही, पण त्यातलं एकही जागेवर थांबत नाही. प्रत्येक ट्रॅकवर फेझर (आवाजाला हेलकावे देणारा परिणाम), प्रत्येकावर रिव्हर्ब (मोठ्या दालनासारखी घुमी), प्रत्येक आवाज डावीकडून उजवीकडे पळतोय. ऐकणाऱ्याला भोवळ यायची तर आधी त्याच्या पायाखाली जमीन लागते. तीच नसली की कान थोडा वेळ झटापट करतो आणि मग लक्ष काढून घेतो. तुला जे गढूळ वाटतं ते हेच.

साठच्या दशकाचं वेड आहे म्हणतोस, तर बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज' काढ आणि या खेपेला फक्त त्याचा सांगाडा ऐक. एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केलेलं काम. त्यांचा ड्रमर रिंगो याचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. खाली तंबोऱ्याचा सूर. जवळजवळ अख्खं गाणं एकाच कॉर्डवर. म्हणजे जे जागचं हलायचं नाही ते आधी ठोकून बसवलं, आणि मग त्यावर टेपची वेटोळी सोडली. ही वेटोळी घरी केलेली होती बरं का. बँडमधल्याच मॅकार्टनीने आपल्या टेपरेकॉर्डरचं इरेज हेड निकामी केलं होतं, त्यामुळे टेपचा तुकडा गोल फिरताना जुना आवाज पुसला जायचा नाही, प्रत्येक फेरीला नवा थर चढायचा. समुद्रपक्ष्यांसारखा जो कलकलाट ऐकू येतो तो मुळात हसण्याचा आवाज, वेग वाढवलेला. स्टुडिओत ही वेटोळी वेगवेगळ्या मशीनवर चढवली, माणसं पेन्सिलीवर टेप ताणून धरून उभी राहिली आणि कोणतं वेटोळं केव्हा वर आणायचं हे ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरच्या सरकत्या खटक्यांवर बोटं ठेवून त्याच क्षणी ठरवलं. अंतिम मिश्रणात किती वेटोळी आहेत? पाच.

आता तुझ्या घरातल्या तंबोऱ्याकडे येते. तुला बहुधा कल्पना नाही की कोपऱ्यात गवसणी घालून उभं ठेवलेलं ते वाद्य तुझ्या आवडत्या संगीताच्या मुळाशी किती जवळ आहे. कॅलिफोर्नियाचा संगीतकार टेरी रायली हा घरगुती सायकेडेलिक प्रयोगांचा एक मूळपुरुष. १९६३ मध्ये पॅरिसला रेडिओच्या एका तंत्रज्ञाने त्याला दोन टेपरेकॉर्डर जोडून दिले. पहिल्यावर मुद्रित झालेली टेप तशीच पुढे दुसऱ्या मशीनवर जायची आणि तिथे वाजायची. मधल्या अंतराइतका आवाज उशिरा यायचा आणि पुन्हा पहिल्या मशीनवर पाठवला की थरावर थर चढत जायचे. पुढे १९७० साली पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि रायली त्यांचा शिष्य झाला, तंबोऱ्यासमोर बसून षड्ज लावायला शिकला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात अजून गाणं होतं. आजीला हे सांग, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या आल्या होत्या, पण आपल्याकडे असली वाद्यं बातमीपुरती कौतुकाची आणि एरवी पलंगामागची.

तर पहिलं काम: तंबोरा नीट मुद्रित कर. सलग दहा मिनिटं, न थांबता. चार सेकंदांचा तुकडा कापून त्याचा लूप करायचा मोह होईल, तो आवर. छेड प्रत्येक वेळी किंचित वेगळी पडते, तारांतून वर उठणारे स्वर दर आवर्तनाला वेगळे चमकतात आणि त्यातच सगळी मजा आहे. चार सेकंदांचा लूप कान अर्ध्या मिनिटात ओळखतो आणि मग तो भिंतीवरच्या घड्याळासारखा ऐकू येईनासा होतो. माइक घोडीपासून वीतभर लांब, थोडा वरून रोखलेला. फोनने करणार असलास तर वाव फाइल देणारं ॲप घे आणि आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद कर. नाहीतर छेड विरत आली की फोन परस्पर आवाज वाढवतो आणि मागचा पंखा पुढे येऊन बसतो. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइटची चोक, सगळं बंद. लोकल दीडनंतर थांबतात, पण त्यासाठी जागरण नको. रविवारी दुपारी सगळे वामकुक्षी घेत असताना कर.

छेडायला आजीलाच बसव. तू छेडशील तेव्हा एका डोळ्याने स्क्रीनकडे बघशील आणि लय हलेल. आजी बघणार नाही. शिवाय जवारी कशी खुलवायची ते तिच्या बोटांना ठाऊक आहे. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा अगदी केसभर सरकवला तरी मिटलेला सूर उघडतो, त्यात झणकार येतो. दोऱ्याच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांवर मुद्रण करून ठेव. फेझर प्लगइनमधून जे शोधत होतास त्यातलं बरंच काही तिथे सापडेल. एक ताकीद: तबलीवर चिकटपट्टी, गोंद, माइकची क्लिप, काहीही लावायचं नाही. पॉलिश निघालं तर आजी काही बोलणार नाही, आणि तेच जास्त वाईट.

गिटार तंबोऱ्याला मिळव, तंबोरा गिटारला नव्हे. आजी काळी चारला लावत असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पकड) लाव म्हणजे मोकळी जाड तार षड्जावर येईल. मग ट्यूनर बंद करून कानाने जुळव. ट्यूनरची काळी चार आणि आजीची काळी चार यांत थोडा फरक निघतोच, आणि जिथे फरक राहतो तिथे दोन सूर एकमेकांवर घासून एक संथ हेलकावा उठतो. तो काढायचा की ठेवायचा हे तू ठरव, पण तो आहे हे ऐकून ठरव.

आता रायलीची युक्ती लॅपटॉपवर. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल तर दोन मशीन दीड मीटर लांब ठेवल्यावर आवाज साधारण आठ सेकंदांनी परततो. तुला मशीनं नकोत, आवाज आठ सेकंद उशिरा परत देणारा डिले हवा. गिटारचा एक छोटा वाक्यांश वाजव, तीन-चार स्वरांचा, आणि थांब. तो परत येईल तेव्हा त्याच्या मोकळ्या जागेत दुसरा ठेव. फीडबॅक (परतलेला आवाज पुन्हा किती आत पाठवायचा ते) इतकाच की वाक्यांश पाच-सहा फेऱ्यांत विरून जाईल, आणि डिलेच्या वाटेत फिल्टर ठेवून दर फेरीला वरची चमक थोडी कमी करत ने, म्हणजे जुने आवाज मागे सरकतात आणि नव्यासाठी जागा होते. हे माऊसने नंतर रचायचं नाही. वाजवताना मुद्रित करायचं, चुकलं तर पहिल्यापासून. पहिल्या दिवशी फार वाजवशील, प्रत्येकच जण वाजवतो. आठ सेकंद गप्प बसणं बोटांना जड जातं.

ट्रॅकच्या संख्येबद्दल माझं मत कडक आहे: पुढच्या तुकड्यात चार. जमैकातल्या किंग्स्टनला ध्वनिनिर्माता ली 'स्क्रॅच' पेरीने १९७३ मध्ये घराच्या मागच्या अंगणात ब्लॅक आर्क हा स्टुडिओ उभा केला. त्याच्याकडे टीॲकचं चार ट्रॅकचं मशीन होतं, एक रोलंड स्पेस एको हे प्रतिध्वनीचं यंत्र आणि एक म्युट्रॉन फेझर. त्या काळात लंडनमध्ये सोळा ट्रॅक होते. चार ट्रॅक भरले की पेरी ते एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं भरायचा. एकदा उतरवलं की ते कायमचं, मागे जाऊन ढोलाचा आवाज कमी करता येत नाही. दर उतरवणीला टेपची खरखर वाढायची, आवाजाच्या कडा झिजायच्या, आणि त्या झिजेतून तो दमट, पाण्याखालून आल्यासारखा आवाज तयार व्हायचा ज्याची नक्कल करणारे प्लगइन आज विकत मिळतात. तुझ्या ७४ ट्रॅकमध्ये मला एकही निर्णय ऐकू आला नाही. सगळं 'राहू दे, नंतर बघू' या खात्यात आहे. हिशेबाची माणसं तुम्ही, सस्पेन्स अकाउंट वर्षअखेरीला मिटवावंच लागतं हे तुला मी काय सांगू?

तेव्हा: एक ट्रॅक तंबोरा, एक गिटारचा डिले, एक घरातले आवाज, चौथा मोकळा. जास्त हवं असेल तर दोन एकत्र करून उतरव आणि मूळ फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून दे. रिव्हर्ब सगळ्यांना मिळून एकच, वेगळ्या बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात ती वाट). त्या बसवर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ६,००० हर्ट्झच्या वरचं कापून टाक. खर्जातला आवाज रिव्हर्बमध्ये गेला की गढूळपणा तिथूनच सुरू होतो. तंबोऱ्याला तर रिव्हर्ब देऊच नकोस, तो कोरडा आणि जवळ असू दे, म्हणजे बाकीचं लांब गेल्यासारखं वाटेल.

घरातल्या आवाजांचं सांगते, कारण इथे तुझ्या वन-बीएचकेचा फायदा आहे. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनवरच्या गाड्या मुद्रित करून त्यांचं संगीत केलं, आणि तू रोज डोंबिवली-ठाणे करतोस. त्याचा एक शोध आजही फुकट वापरता येतो. घंटेच्या आवाजाचा पहिला ठोका कापून टाकला की उरलेला आवाज घंटेचा वाटतच नाही, फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा वाटतो. वस्तू कोणती हे कान त्या सुरुवातीच्या ठोक्यावरून ओळखतो. तर परात घे, मोठी, स्टीलची. तिच्यात बोटभर पाणी घाल. कडेला लाकडी उलथन्याने हलकी टिचकी मार आणि आवाज घुमत असतानाच परात हळूहळू कलती कर. पाणी सरकेल तसा सूर वाकतो, वर जातो, खाली घसरतो. हे जवळून मुद्रित कर, टिचकी काप, वेग निम्मा कर. सूर एक सप्तक खाली येईल, लांबी दुप्पट होईल. कुकरची शिट्टी पाव वेगाने वाजवून बघ, दोन सप्तकं खाली गेल्यावर आईलाही ती ओळखू येणार नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलस्ट्रेच नावाची सोय आहे, त्यात गिटारचा पाच सेकंदांचा एक कॉर्ड चार मिनिटांचा करता येतो. फार सुंदर लागतो, आणि म्हणूनच जपून वापर. जगातला प्रत्येक नवशिका त्यावरच थांबतो.

काकांचा डेक मात्र दुरुस्तीला देऊ नकोस, निदान आत्ता. त्यातला रबरी पट्टा सैल झाला असेल तर टेप हलकीशी डुलते. गिटारचा ट्रॅक त्या डेकवर मुद्रित करून परत लॅपटॉपवर घे. मूळ ट्रॅक आणि हा डुलणारा ट्रॅक एकत्र वाजवलास की दोघांत काही हजारांश सेकंदांचा फरक सतत बदलत राहतो आणि सारं मिश्रण विमान वरून गेल्यासारखं सूं करत जातं. फ्लँजर हा परिणाम यातूनच आला. पट्टा तुटलाच तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. तिथे गेलास तर वस्तूचा कंप पकडून त्याचा आवाज देणाऱ्या दोन-चार पिएझो चकत्याही आण, किरकोळ पैशांत मिळतात. तारा जोडून चकती खिडकीच्या गजाला, बाल्कनीतल्या कपड्यांच्या तारेला, पाण्याच्या पाइपला लाव आणि गिटारच्या इनपुटमध्ये घाल, साध्या माइक इनपुटमध्ये ती पातळ आणि कोरडी लागते. आमच्या इमारतीचा पाइप सकाळी पाणी सुटताना जे बोलतो ते कुठल्याही सिंथेसायझरला जमलेलं नाही.

त्यावरून तुझे साठ हजार. सिंथेसायझर घेऊ नकोस. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) घे, कान झाकणारे बरे हेडफोन घे, उरलेले पैसे बँकेत राहू देत. रीपर हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. व्हायटल नावाचा सिंथ फुकट मिळतो आणि तो तुझ्या गरजेपेक्षा मोठा आहे. यंत्राला माझा विरोध नाही. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी सिनेमासाठी वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, एकत्र बांधून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, फारसं कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले, कारण शिकागोच्या ॲसिड हाउस या नाचाच्या संगीतात पुढे जे ऐकू आलं त्याच्याशी ते थक्क करण्याइतकं जुळत होतं. पण ऐकून बघ: खाली ठेका आणि आधारसूर ठाम, वर राग मोकळा. यंत्रं नवी होती, राग त्यांच्या हातात आधीपासून होता. तुझ्या हातात अजून काय आहे ते कळलं की कुठलं यंत्र घ्यायचं हे विचारायला पत्र लिहावं लागणार नाही.

मित्राच्या 'काहीतरी घेतल्याशिवाय'बद्दल. त्या काळातल्या पुष्कळ कलाकारांनी एलएसडी घेतलं होतं हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते घेतल्याने टेप कापली जात नाही. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायरने 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षकसंगीत केलं. चाल रॉन ग्रेनरची, पण आवाज तिचे. एका छेडलेल्या तारेचा आवाज घ्यायचा, वेग बदलून त्याचे वेगवेगळ्या उंचीचे सूर करायचे, प्रत्येक सुराची टेप पट्टीने मोजून कापायची आणि एकाला एक चिकटवायची. बीबीसीच्या इमारतीत बसून, पट्टी आणि ब्लेड घेऊन केलेलं हे काम आज साठ वर्षांनीही अंगावर काटा आणतं. तुझ्या मित्राला विचार, तू एक तरी तुकडा पुरा केलायस का? बहुधा उत्तर मिळणार नाही.

आणि कायद्याचं सांगायलाच हवं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली एलएसडीचा अवघा ०.१ ग्रॅम हा 'व्यापारी प्रमाण' धरला जातो. त्याला किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड आहे, जामीन मिळणं महाकठीण. हे तुला घाबरवायला नाही, मित्र गोव्याला चल म्हणेल तेव्हा आठवावं म्हणून. घराण्यात कुणाला मनाचा गंभीर आजार झाला असेल तर धोका आणखी वाढतो, तेही लक्षात ठेव.

रात्रीच्या बैठकीबद्दल थोडं. रात्री दीडला कानाला सगळंच दिव्य वाटतं, त्याला काही घ्यावं लागत नाही. म्हणून रात्री फक्त मुद्रण आणि खेळ. काय ठेवायचं, काय टाकायचं हे सकाळी लोकलमध्ये ठरव, दाराशी उभा राहून नव्हे, बसायला मिळालं तर. आवाज कमी ठेव. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे, आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. कानात शिट्टी वाजत राहत असेल तर आठवडाभर सगळं बंद आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

आईचं मला वेगळंच वाटतं. हेडफोन लावून बसतोस म्हणतोस, मग मिक्सरचा आवाज तिला ऐकू कसा आला? म्हणजे कधीतरी स्पीकरवर लावतोस. कधी? ती झोपायला गेल्यावर ना? पहाटे उठून डबे करणाऱ्या बाईला मध्यरात्री उलटी गिटार नको असते, त्यात संगीताबद्दलचं मत शोधू नकोस. दहानंतर स्पीकर बंद ठेव. आणि एखाद्या रविवारी दुपारी तिला ते वीस सेकंद आणि मग परातीचा तो बदललेला आवाज ऐकव, सगळा तुकडा नको. विचारू नकोस कसं वाटलं. तो दुसरा आवाज कशाचा आहे एवढंच ओळखायला सांग.

नाट्यगीताचा तुकडा काढून टाक, निदान बाहेर पाठवायच्या फाइलमधून. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे रेकॉर्ड जुनी झाली तरी चाल मोकळी झालेली असेलच असं नाही, दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं. त्यापेक्षा सोपं आहे: आजीला तंबोरा छेडताना नुसता आकार लावायला सांग. थकलेला, थोडा कापरा आवाज असेल, तसाच घे. त्यावर ऑटोट्यून चढवलास तर मला कळवू नकोस.

पुढचा तुकडा सात मिनिटांचा कर. सात आधी ठरव, मग वाजव. मिश्रण एका बैठकीत, फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके) हाताने हलवत, आणि शेवटचा सूर विरल्यावर दहा सेकंद काही करू नकोस, नाहीतर शेपूट कापली जाते. आवाजाची पातळी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) आसपास ठेव, त्याहून मोठा केलास तरी बरेचसे प्लॅटफॉर्म तो परत खाली आणतात आणि मध्ये तुझ्या तंबोऱ्याचा श्वास दबतो. मला पाठवशील तेव्हा एमपीथ्री नको, वाव पाठव, आणि चारही ट्रॅक वेगळे पाठव. तंबोऱ्याच्या ट्रॅकचं नाव नीट लिही, या वेळच्या फोल्डरमध्ये तो 'नवीन ऑडिओ ६१' होता.